अण्णांची वाकळ आणि धरणाचं पाणी

आईनं ते बोचकं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि मी मागं सरकले. मला ते लपवता आलं नाही. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, वरून सुतळीनं करकचून आवळलेलं बोचकं. आत अण्णांची वाकळ होती, म्हणजे शेवटच्या आजारपणात माझ्या वडलांच्या अंगाखाली असलेली गोधडी. शिवाय त्यांची धोतरं आणि टोपी. हिवाळ्यात अण्णा गेले, तेव्हापासून ते न्हाणीमागच्या कोनाड्यात पडून होतं. सगळा उन्हाळा गेला, बहुतेक पावसाळा गेला. आजारी माणसाखालचं अंथरूण न धुता इतके महिने बांधून ठेवलं की काय होतं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

"मधल्या धारेत सोडायचं," आई म्हणाली. "काठाला बिलकुल न्हाई. गाव मागं पडलं की मंग सोड."

"आई, हे जाळून टाकायचं ना."

"तुह्या बापाचं हाय ते. कचरा हाय का जाळायला?"

आमच्याकडं माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण वाहत्या पाण्याला देतात. साचलेलं पाणी चालत नाही. विहीर, तळं, कॅनॉल, काही चालत नाही. नदीच पाहिजे आणि ती वाहती पाहिजे. आता आमची नदी मंठा तालुक्यातून जाते खरी, पण वर धरण झाल्यापासून ती वाहते असं म्हणायला जीभ रेटत नाही. पात्रात वाळू काढलेले खड्डे, त्यांत हिरवं पाणी, आणि जिकडंतिकडं वेड्या बाभळी. धरण भरलं आणि दारं उघडली तरच तिला पाणी. मध्ये सलग वर्षं अशी जातात की दारं उघडतच नाहीत. पण माणसं मरायची थांबत नाहीत, म्हणून घरोघर बोचकी साठतात. कोनाड्यात, गोठ्याच्या माळ्यावर, देवळामागच्या पिंपळाखाली. त्यांच्याबरोबर काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी साठतात, वाळलेले हार साठतात, आणि कुठं टाकावं हे न कळणारं जे जे काही घरात असतं ते सगळं साठतं. मग एके दिवशी धरणावर भोंगा वाजतो. मोबाइलवर इशारा येतो की पाणी सोडत आहोत, कोणीही नदीपात्राकडे जाऊ नये. हा इशारा वाचून अख्खं गाव बोचकी काखेत मारून नदीपात्राकडे निघतं.

मला लहानपणापासून याची किळस आहे, आणि मी ती कधी झाकलेली नाही. अण्णा हसायचे. "हिला सगळ्याचा वास येतो," म्हणायचे. स्वतः मात्र धुतलेली टोपी डोक्यावर असल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचे नाहीत.

माझं पोट पाण्यावर चालतं. मी आणि माझा नवरा कोकणातल्या एका नदीवर काम करतो. तिथं वरच्या धरणातून रोज सकाळी पाणी सुटतं. पुण्या-मुंबईच्या लोकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं, हातात वल्हं द्यायचं आणि खळाळत्या पाण्यातून त्यांना आरडाओरडा करत खाली न्यायचं, हा आमचा धंदा. आईला तो कधी पटला नाही. पाण्यात बसून राहायचा पगार मिळतो, हे ती गावात सांगतही नसे. पण यंदा भाद्रपदात धरण भरलं आणि तिनं आपणहून फोन केला.

"होडी घेऊन ये," ती म्हणाली. "एवढी लोकायला पान्यातून नेऊन राह्यली, एकडाव बापाला ने."

मी नाही म्हणू शकले नाही, त्याला कारण होतं. गेल्या खेपेला पाणी आलं तेव्हा शेजारच्या म्हातारीचं बोचकं काठाजवळच्या बाभळीला अडकलं होतं. पाणी ओसरल्यावर ते कुत्र्यांनी फोडलं. तिच्या चोळ्या, तिचं लुगडं, तिच्या खाटेवरचं फडकं, सगळं शाळेच्या वाटेवर लोळत होतं. पोरं काठीनं उचलून एकमेकांच्या अंगावर टाकत होती. ते आईनं पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं की अण्णांचं तसं व्हायला नको. त्यांचं जे काही आहे ते अख्खं, कुणाच्या नजरेला न पडता, लांब जायला हवं. पित्तरं जेवायला यायच्या आत जायला हवं. त्यावाचून तिला झोप लागत नव्हती. अण्णांच्या खाटेवर ती कुणाला बसू देत नव्हती, स्वतःही बसत नव्हती.

आम्ही हवा भरायची दोन माणसांची रबरी होडी गाडीत टाकून आलो. पहिला लोंढा जाऊ दिला. धरणाची काही दारं बंद केल्याचं कळलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाच्या खाली, जिथं रस्ता नदीपर्यंत येतो, तिथं होडी पाण्यात घातली. नवरा पुढं, मी मागं, कारण होडी मागचा माणूस वळवतो आणि ही नदी माझी होती. बोचकं माझ्या पायांशी पट्ट्यानं बांधलं. बांधताना मी नाकावर ओढणी घेतली.

"तुझे वडील आहेत," नवरा म्हणाला.

"वडील गेले. ही त्यांच्या खालची गोधडी आहे," मी म्हणाले, आणि आम्ही निघालो.

सुरुवातीचं पाणी गढूळ होतं, चहासारखं, पण जोर चांगला होता. खालचा खडक काळा आणि पायरीपायरीचा, त्यामुळं लाटा एका रांगेत उभ्या राहत होत्या. अशा पाण्यावर मी डोळे मिटून जाईन. पण डोळे मिटायची सोय नव्हती. पहिल्या वळणावर थर्माकोलच्या पत्रावळ्या आल्या, कुठल्यातरी लग्नाच्या. त्यामागं फवारणीच्या औषधाचे डबे, दारूच्या बाटल्या, लहान मुलांचे लंगोट फुगून टम्म झालेले. मग कुणाच्यातरी पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या. त्या गोणीत भरलेल्या होत्या, पण गोणी फाटली होती. एक कोंबडी माझ्या वल्ह्याला लागली आणि मी तोंडातल्या तोंडात जे म्हणाले ते आईनं ऐकलं असतं तर मला होडीतून उतरवलं असतं.

"तुमच्याकडं नेहमी असंच असतं?" नवऱ्यानं मान न वळवता विचारलं.

"आमच्याकडं नेहमी पाणीच नसतं."

गावचा पूल लांबूनच दिसला, कारण त्यावर जत्रा भरली होती. मोटारसायकली, ट्रॅक्टर, आणि कठड्याला ओळीनं माणसं. आम्हाला पाहून ओरडा झाला. कुणीतरी मला ओळखलं असावं, कारण माझ्या वडलांचं नाव घेऊन अमक्याची पोरगी, अमक्याची पोरगी असं पुलभर पसरलं. मला वाटलं, आता फेकणारे हात थांबवतील. एका माणसाच्या डोक्यावर गादी होती. कापसाची, मधोमध मोठा पिवळा डाग पडलेली. त्यानं ती कठड्यावर टेकवली. मग चपला काढल्या, कारण नदी पवित्र. हात जोडले, डोळे मिटले, कपाळाला हात लावला, आणि गादी खाली ढकलली.

"बाजूला व्हा वो!" ती सुटल्यावर तो ओरडला.

मी होडी तिरकी मारली म्हणून वाचलो. गादी आमच्या शेजारी आपटली आणि त्या पाण्याचा सपकारा माझ्या तोंडावर बसला. मी वर पाहून त्याला शिव्या दिल्या. त्यानं पुन्हा हात जोडले. ते मला होते की नदीला, कळलं नाही. दुसरीकडून एक तसबीर आली आणि खडकावर फुटली. तिसरीकडून एका बाईनं प्लास्टिकची पिशवी फेकली, ती फेकताना मात्र पदरानं नाक धरलं होतं. पुलाखाली अंधारात शिरेपर्यंत आमच्यावर काही ना काही पडत होतं. संताप आणि ओकारी दोन्ही एकदम येतात हे मला त्या पुलाखाली कळलं. ही माझीच माणसं होती. माझ्या बारशाला जेवलेली, अण्णांना खांदा दिलेली. तरी मला त्यांच्यातल्या एकाचंही तोंड बघू नये असं वाटलं.

पुलाच्या पुढं वस्ती संपते. आठवतं तेव्हापासून तिकडं कुणी जात नाही. दोन्हीकडून टेकड्या जवळ येतात, वाट नाही, शेत नाही, गुराखीसुद्धा वरूनच फिरतात. मी लहानपणी ते फक्त वरून पाहिलं होतं, कोरडं. आता तिथं पाणी होतं आणि ते पाणी बघून मी सगळं विसरले, अगदी पायाशी काय बांधलंय तेही. काळ्या खडकांमधून नदी एकामागून एक टप्पे उतरत होती. "डावीकडे!" मी ओरडायची आणि नवरा डावीकडे वल्हं घालायचा. होडी लाटेवर चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. एका खडकावर पाणकावळे पंख पसरून बसले होते, आम्ही हातभर अंतरावरून गेलो तरी उडाले नाहीत. कोकणातल्या त्या रोजच्या पाण्यात मी कित्येक वर्षं उतरतेय, पण असं खुशीत येऊन ओरडले नव्हते. ही नदी अशी असू शकते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका लांब, खोल टप्प्यावर लाटा निवल्या. धार मधोमध, जोरकस, कुठं बाभळ नाही, कुठं कुत्रं नाही, माणसाचा मागमूस नाही. आईनं सांगितलेली जागा हीच, असं मला वाटलं.

"इथं सोडते," मी म्हणाले, आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवून पट्टा सोडायला वाकले.

मागच्या माणसानं वाहत्या पाण्यात वल्ह्यावरचा हात काढायचा नसतो. हे मी लोकांना रोज सकाळी ओरडून सांगते. पण बोचकं लवकर अंगावेगळं व्हावं, पुन्हा हात लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पट्टा ओला होऊन घट्ट बसला होता. मी एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं तो ओढत होते, आणि तेवढ्यात नवरा किंचाळला.

वळणाच्या पलीकडं दोन खडकांच्या खिंडीत एक बाभूळ आडवी पडली होती. तिच्यावर भिंत होती. कापडाची. होडी आडवी होऊन त्या भिंतीवर जाऊन बसली, वरच्या बाजूनं पाणी चढलं, आणि मी खाली गेले.

पाण्याखाली मला दिसलं काही नाही, पण लागलं सगळं. मऊ, बुळबुळीत, थरावर थर. पाय एका साडीत गेला आणि साडी आवळत गेली. मी लाथा झाडल्या तशी ती आणखी आवळली. तोंडात पाणी गेलं, आणि त्या पाण्याची चव मला आजही जेवता जेवता अचानक आठवते आणि मी ताट सरकवते. मरण जवळ आल्यावर माणसाला काय काय दिसतं म्हणतात. मला फक्त एवढंच वाटत होतं की इथं नको, ह्यात नको. मग लाइफ जॅकेटच्या मानेला जोराचा हिसका बसला. नवरा खडकावर पालथा पडून एका हातानं मला धरून होता, दुसऱ्या हातात सुरी होती. त्यानं साडी कापली. एकदा, पुन्हा, आणि मी वर आले.

खडकावर मी पोटातलं सगळं ओकून टाकलं. नवरा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. मग मी मान वर करून ती भिंत पाहिली.

वाकळी होत्या. गाद्या, चादरी, लुगडी, धोतरं, स्वेटर. खालचे थर कुजून चिखल झाले होते, वरचे अजून रंगाचे होते. मधूनमधून तसबिरींच्या चौकटी आणि प्लास्टिकचे हार. आमच्या गावानं, वरच्या गावांनी, धरण झाल्यापासून जे जे वाहत्या पाण्याला दिलं ते पुलावरून दिसेनासं झालं आणि टेकडीआड येऊन इथं थांबलं. काहीच लांब गेलं नव्हतं. काहीच वाहून गेलं नव्हतं. वाकळ शिवायची आमच्या बायकांची धाटणी असते, कोण काठाला काय लावतं हे गावात ठाऊक असतं. नीट पाहिलं असतं तर मला कुणाकुणाची ते ओळखता आलं असतं. मी नीट पाहिलं नाही.

होडी वाचली होती. बोचकंही होतं, पट्टा काही केल्या सुटला नव्हता ना. पाणी पिऊन ते दुप्पट जड झालं होतं.

"आता?" नवऱ्यानं विचारलं. "खाली सोडायचं का?"

"खालीसुद्धा अशीच खिंड असेल. नाहीतर बंधारा असेल."

"मग आईंना काय सांगशील?"

सोडलं म्हणून सांगणं सोपं होतं. बोचकं गाडीच्या डिकीत टाकायचं आणि जालन्याच्या पुढं कुठंतरी कचऱ्यात द्यायचं. मी खरोखर तसा विचार केला. आईला झोप लागली असती. पण अण्णांची टोपी कचऱ्याच्या गाडीत, हे मला दिसायला लागलं आणि तो विचार तिथंच संपला.

आम्ही होडी खडकावरून उचलून खिंडीच्या खाली नेली आणि उरलेली नदी उतरलो. आई खालच्या बंधाऱ्याशी महादेवाच्या देवळापाशी बसली होती. रिक्षा करून आली होती. तिच्याजवळ भाकरी होती, माझ्यासाठी कोरडे कपडे होते आणि साबणाची नवी वडी होती, कारण बोचकं सोडणाऱ्यानं अंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नसतं.

तिनं आधी होडीत पाहिलं, मग माझ्याकडं.

"गेलं न्हाई?"

"नाही."

"काहून?"

मी सांगितलं. काही राखलं नाही. खिंड, बाभूळ, वाकळींचे थर, साडीत अडकलेला पाय, तोंडात गेलेलं पाणी. माझा आवाज चढत गेला. गावाला नावं ठेवली, त्या गादीवाल्याला ठेवली, तिलाही ठेवली. पुलावरून दिसेनासं झालं की तुम्हाला वाटतं गेलं, मी म्हणाले. कुठं जात नाही काही. तुम्हाला फक्त हात लावायचा नसतो. घाणीला हात लावायचा नसतो म्हणून नदीच्या गळ्यात मारता आणि वर हात जोडता.

आई ऐकत होती. माझं बोलून झालं तेव्हा तिनं विचारलं, "तुह्या आज्जीची बी तिथंच असंल?"

"असेल."

"म्या माह्या हातानं सोडल्ती." तिनं बंधाऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आन तू नाक धरून गाठ सोडत व्हती ना?"

तिला हे कसं कळलं, मला माहीत नाही. नवऱ्याकडं पाहिलं तर त्याचं तोंड दुसरीकडं होतं. त्यानं काही सांगितलं नव्हतं. तिनं मला वाढवली होती, बाकी काय.

"नदीला द्यायचं न्हाई, जाळायचं न्हाई, कचऱ्यात टाकायचं न्हाई," ती म्हणाली. "मंग धू."

तिनं साबणाची वडी माझ्या हातात दिली आणि देवळासमोरच्या हापशाकडं बोट केलं.

सुतळी नवऱ्याच्या सुरीनं कापावी लागली. लुगड्याचा तुकडा उलगडला आणि तो वास, अण्णांच्या खोलीतला शेवटच्या दिवसांतला वास, ओला होऊन बाहेर आला. त्या खोलीत मी यायचे तेव्हा उंबऱ्यातून आत जायला मला वेळ लागायचा. आई रात्रंदिवस आत असायची. वाकळीच्या मधोमध डाग होते. ते कशाकशाचे हे मला माहीत होतं. नवरा हापशाचा दांडा मारायला लागला. गार पाणी पडलं तसं त्यातून काळपट, पिवळट असं काहीतरी निघून माझ्या पायांवरून वाहिलं. माझ्या घशाशी आलं. मी गिळलं आणि साबण लावला. घासलं, पिळलं, पुन्हा साबण लावला. वाकळीत अण्णांच्या जुन्या सदऱ्याचे तुकडे होते, बारीक रेघांचे. माझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचा एक तुकडा होता. हे मला कधी दिसलं नव्हतं. मी ती वाकळ कधी हातात घेऊन पाहिलीच नव्हती. रडू आलं, ते मी आवरलं नाही, आणि घासायचंही थांबवलं नाही.

आई देवळाच्या पायरीवर बसून बघत होती. मदतीला आली नाही. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "टोपी येगळी धू. त्यायला तिच्यावर डाग चालत नव्हता."

टोपी वेगळी धुतली. पाणी स्वच्छ यायला लागलं तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही दोघांनी वाकळीची टोकं धरून तिला पीळ दिला आणि ती बंधाऱ्याच्या कठड्यावर पसरली. आई उठून जवळ आली. तिनं वाकळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"माही बी अशीच धुशील?" तिनं विचारलं.

"धुईन."

"किळस न करता?"

"किळस येईल," मी म्हणाले. "तरी धुईन."